उन्हाळ्यात गिनीपिग आणि हॅमस्टर : आधी जागा, मग पाणी, बर्फ सगळ्यात शेवटी

एप्रिल लागला की ओळखीपाळखीचे फोन सुरू होतात. "गिनीपिग आडवा पडलाय, खात नाही. पिंजऱ्यात बर्फ ठेवलाय, कूलर लावलाय. अजून काय करू?" पिंजरा कुठे आहे असं विचारलं की खरं दुखणं कळतं. वरचा मजला, पश्चिमेची भिंत, खिडक्या घट्ट बंद आणि कूलरचा झोत थेट अंगावर. करायचं ते सगळं केलेलं असतं, फक्त उलट्या क्रमाने.

मी नागपूरला राहतो, घरात गिनीपिग आणि हॅमस्टर दोन्ही आहेत. इथे मे महिन्यात ४३-४४ अंश ही रोजची गोष्ट. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. त्यामुळे खालचं बहुतेक सगळं विदर्भ, खानदेश, मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्याला धरून आहे. मुंबई, कोकण, गोव्याच्या घामट उन्हाळ्याचं गणित वेगळं पडतं. ते टप्पा ५ मध्ये आहे. तिकडच्या लोकांनी तो आधी वाचला तरी चालेल.

## आधी आकडे

गिनीपिग, हॅमस्टर आणि पाळीव उंदीर यांना १८ ते २४ अंश बरं वाटतं. आपल्याकडे मेमध्ये एसीशिवाय २४ अंश म्हणजे स्वप्नच. म्हणून मी घरात असं धरतो :

- २६ पर्यंत : निवांत.
- २७ ते २९ : दर दोन तासांनी एक नजर.
- ३० च्या वर : गारव्याची सोय सुरू झालीच पाहिजे.
- ३२ च्या वर : प्राण्याला एकटं टाकून कोणीही बाहेर जायचं नाही.

हवा दमट असेल तर यातला प्रत्येक आकडा दोन अंशांनी खाली ओढा.

या प्राण्यांना आपल्यासारखा घाम येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकून अंगही निववता येत नाही. मोठा पाळीव उंदीर शेपटीतून बरीच उष्णता बाहेर टाकतो. उंदीर आणि हॅमस्टर अंगाला थुंकी चोपडतात, ती वाळताना थोडा गारवा मिळतो. गिनीपिगला शेपूटही नाही. त्याच्याकडे कान आणि तळपाय एवढंच उघडं अंग. हे डोक्यात ठेवलं की पुढचे बरेचसे "का" आपोआप सुटतात.

जर्बिल हा उंदरासारखा छोटा प्राणी वाळवंटातला, म्हणून त्याला ऊन चालतं असं दुकानदार सांगतात. वाळवंटातला जर्बिल दुपार बिळात काढतो, काचेच्या पेटीत नाही. चिंचिला तर अँडीज पर्वतातला, अंगावर दाट मऊ केस. २५ अंशांच्या पुढे त्याचे हाल सुरू होतात. घरी चोवीस तास एसी आणि एसीला इन्व्हर्टर किंवा जनरेटर नसेल तर चिंचिला आणूच नका. मी यात कोणाची भीड ठेवत नाही.

म्हातारे, लठ्ठ, गाभण आणि लांब केसांचे प्राणी आधी कोलमडतात. पेरुव्हियनसारख्या लांबकेशी गिनीपिगचे केस मार्चमध्येच पोटाखाली आणि मागच्या बाजूला कातरून घ्या. वस्तरा किंवा मशीन त्वचेपर्यंत फिरवू नका.

## टप्पा १ : मोजा

तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा छोटा डिजिटल मापक दोन-चारशे रुपयांत मिळतो. तो पिंजऱ्याच्या उंचीवर, जाळीला बाहेरून बांधा. आत ठेवला तर वायर कुरतडली जाईल. भिंतीवर माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर टांगलेला मापक या कामाचा नाही, आणि मोबाइलवरचं तापमान तर मुळीच नाही. ते शहराचं असतं, तुमच्या खोलीचं नसतं.

तीन दिवस सकाळी ७, दुपारी ३, संध्याकाळी ६ आणि रात्री ११ ला आकडा लिहून ठेवा. गच्चीखालच्या खोलीत बहुतेकांना धक्का बसतो. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी उष्णता परत सोडू लागतो आणि सहा-सातच्या सुमाराला खोली दुपारी बारापेक्षा जास्त गरम असते. लोक दुपारी काळजी घेतात, ऊन उतरलं म्हणून पाचला सोडून देतात, आणि फोन येतो तो नेमका सातला.

तपासा : संध्याकाळी ६ चा आकडा दुपारी ३ च्या आकड्यापेक्षा जास्त आहे का? असेल तर ती खोली बाद. पुढचा टप्पा वाचा.

## टप्पा २ : जागा

निम्मं काम इथे होतं, आणि यालाच पैसे लागत नाहीत.

घरातली सगळ्यात खालची, उत्तर किंवा पूर्वेच्या बाजूची खोली निवडा. दुमजली घर असेल तर तळमजला. पिंजरा टेबलावरून उतरवून फरशीवर आणा. गार हवा खाली बसते आणि फरशी स्वतःही गार असते. शहाबादी किंवा कडप्प्याची फरशी असेल तर फारच छान. पिंजऱ्याच्या पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या ट्रेला फरशी खालून भिडली पाहिजे, मध्ये गालिचा नको. जुन्या घरांत जिन्याखालची जागा किंवा मधलं माजघर यासाठी उत्तम असतं.

भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. पश्चिमेची भिंत हाताला गरम लागते ना, तशीच ती पिंजऱ्यालाही लागते. फ्रिजची मागची बाजू, इन्व्हर्टरची बॅटरी, वायफायचं खोकं यांच्याजवळ पिंजरा नको.

गॅलरी नको म्हणजे नको. "सावली असते" हे कारण मला मान्य नाही. सावली सरकते, आणि समोरच्या इमारतीच्या काचेवरून परतून येणारं ऊन कोणाच्या लक्षात येत नाही. न्हाणीघराची फरशी गार असते खरी, पण तिथे फिनेलचा वास आणि ओल असते. दारं उघडी ठेवून तासाभराची सोय म्हणून ठीक, रोजची जागा म्हणून नाही.

खिडकीचा नियम : सकाळी आठ-साडेआठला बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम होऊ लागली की खिडक्या, पडदे बंद. रात्री बाहेर गार झालं की सगळं उघडं. कूलर चालू असेल तर हा नियम बदलतो, ते पुढे येतंच.

सावधान : जागा बदलायची ती मार्चमध्ये बदला. ४४ अंशांच्या दुपारी प्राणी आधीच घाबराघुबरा असतो. तेव्हा त्याला नव्या खोलीत, नव्या वासांत नेलं की तो खाणं सोडतो आणि मग उष्णता की भीती हेच कळत नाही.

## टप्पा ३ : पिंजऱ्याच्या आतली मांडणी

काचेची पेटी आणि रंगीत नळ्यांचे बंदिस्त प्लास्टिकचे पिंजरे उन्हाळ्यात भट्टी होतात. काचेच्या पेटीचं झाकण काढून जाळी लावा. प्लास्टिकच्या नळ्या चार महिने माळ्यावर टाका. दुसरा पिंजरा घेणार असाल तर जाळीचा घ्या.

इथे हॅमस्टर आणि गिनीपिग यांची वाट वेगळी होते, आणि सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

हॅमस्टर बीळ करणारा आहे. "उन्हाळ्यात गरम होईल" म्हणून लोक त्याचा भुसा काढून टाकतात, तळाला बोटभर थर ठेवतात. मग त्याला लपायला खोली उरत नाही. उलट १५ ते २० सेंटिमीटर थर द्या, म्हणजे तो खाली तळाशी जाऊन झोपेल. पेटी फरशीला टेकलेली असेल तर तळ वरच्या थरापेक्षा गार राहतो. फक्त कापसासारखं मऊ, तंतू निघणारं गादीचं सामान बाहेर काढा. ते ऊब धरतं आणि पायांतही अडकतं.

गिनीपिग बीळ करत नाही. त्याला लोकरीचे तुकडे, जाड पांघरूण, कापडी बोगदे यांतलं काहीच आता नको. पातळ सुती कापड किंवा कोरडं गवत पुरे. लपायला मात्र दोन बाजू उघड्या असलेली जागा द्याच, कारण लपायला मिळालं नाही तर तो भीतीने कोपऱ्यात दबून बसतो आणि आणखी तापतो. दोन गिनीपिग असतील तर दोन लपणी. एकाच घरात दाटीने बसले की एकमेकांना ऊब देतात.

आता एक गोष्ट जी विकत मिळणाऱ्या सगळ्या "कूलिंग" सामानापेक्षा मला जास्त भरवशाची वाटते : कुंभाराकडचं साधं, रंग न लावलेलं मडकं किंवा मातीची कुंडी. अर्धा तास पाण्यात बुडवा, बाहेर काढून पुसा, आडवी ठेवा. माठ जसा पाणी गार करतो तशीच ती आतली हवा गार करते. हॅमस्टरला मूठभर तोंडाचं मडकं, गिनीपिगला आठ-दहा इंची कुंडी. दोन मडकी ठेवा. एक आत, एक बादलीत. ऑइलपेंट लावलेली शोभेची मडकी पाझरत नाहीत, आणि रंग पोटात जातो तो वेगळाच.

कडप्प्याचा किंवा साध्या टाइलचा तुकडाही चालतो. फ्रिजमध्ये तासभर ठेवायचा, फ्रीजरमध्ये नाही. कडा घासून घ्या.

सावधान : फरशी, मडकं, कोणतीही जड वस्तू हॅमस्टरच्या भुशावर थेट ठेवू नका. खाली बीळ असेल तर ते कोसळून तो आत दबतो. पेटीच्या तळावर दोन लाकडी ठोकळे ठेवा आणि त्यांवर ती वस्तू बसवा.

## टप्पा ४ : पाणी आणि खाणं

एक किलोच्या गिनीपिगला दिवसाला साधारण १०० मिलिलिटर पाणी लागतं, शंभर ग्रॅमच्या हॅमस्टरला साधारण १०. उन्हाळ्यात याहून जास्त धरा. अडचण प्रमाणाची नसते, बाटलीची असते.

पिंजऱ्याला उलटी टांगलेल्या बाटलीच्या नळीच्या टोकाची गोळी क्षाराने अडकते. विंधन विहिरीचं पाणी असेल तर आठवड्यातच. बाटली भरलेली दिसते, प्राणी तोंड लावतो, पाणी येत नाही. दुसरा प्रकार याच्या उलट. बाटलीतली हवा तापून फुगते, पाणी बाहेर ढकलते आणि दुपारपर्यंत बाटली रिकामी, खाली भुसा चिंब. "आज खूप पाणी प्यायला" असं वाटतं, आणि प्राणी तहानलेला असतो.

म्हणून हे तीन नियम :

१. प्रत्येक पिंजऱ्यात पाण्याच्या दोन सोयी. बाटली, आणि सोबत मातीचं किंवा चिनीमातीचं जड, उथळ भांडं. हॅमस्टरला मोठी पणती पुरते.

२. दिवसातून दोनदा गोळीला बोट लावून बघा. बाटलीत बुडबुडा वर गेला तरच पाणी येतंय.

३. बाटलीवर पेनाने रेघ मारा आणि खालचा भुसा चाचपा. पातळी उतरली आणि भुसा कोरडा, तर पाणी पोटात गेलं.

नळाचं पाणी थेट देऊ नका. मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारं पाणी हाताला चटका देतं. माठातलं द्या. फ्रिजचं बर्फगार पाणीही नको.

खाण्यात काकडी, कोथिंबीर, गिनीपिगला शिवाय ढोबळी मिरची. त्याला 'क' जीवनसत्त्व बाहेरूनच लागतं. धुऊन, ओलीच द्या. थोडीच द्या, नाहीतर जुलाब होऊन आहे तेवढं पाणीही जातं. दोन तासांनी उरलेलं उचला; मेमध्ये काकडी चिघळायला आणि मुंग्या यायला तेवढा वेळ पुरतो. मुंग्यांसाठी खडू किंवा पावडर पिंजऱ्याजवळ नको. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. टरबुजाचा गोड गर बुटक्या (ड्वार्फ) जातीच्या हॅमस्टरला टाळा, त्यांच्यात मधुमेहाची प्रवृत्ती असते.

आणि कांदा. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायची आपल्याकडची रीत. दरवर्षी कोणीतरी प्रेमाने तो पिंजऱ्यात टाकतं. कांदा या प्राण्यांना विषारी आहे. ताक, पन्हं, ग्लुकोज, इलेक्ट्रॉलचे प्रयोगही करू नका.

तपासा : लेंड्या. गिनीपिगच्या लेंड्या लहान, कोरड्या, कमी झाल्या की पाणी कमी पडतंय. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन दर दोन दिवसांनी करा. आठवड्यात ५० ग्रॅमपेक्षा जास्त उतरलं तर डॉक्टर.

## टप्पा ५ : हवा. पंखा, कूलर, एसी

पंखा कोरड्या अंगाला गारवा देत नाही. आपल्याला पंख्याखाली बरं वाटतं ते घाम वाळतो म्हणून. यांना घामच नाही, मग खोली ३८ अंशांवर असताना लावलेला पंखा ३८ अंशांचीच हवा त्यांच्या अंगावर फेकतो. पंखा खोलीतली हवा हलवायला वापरा, तोंड भिंतीकडे करून.

कूलर कोरड्या हवेत कमाल करतो, दमट हवेत काहीच नाही. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर चांगला कूलर २८-२९ पर्यंत हवा उतरवू शकतो. बाहेर ३८ अंश आणि आर्द्रता ५५ टक्के असेल तर तोच कूलर ३१-३२ च्या खाली जात नाही, वर खोली ओलीगच्च करतो. म्हणून मापकावरचा आर्द्रतेचा आकडा बघा. माझा ठोकताळा असा की खोलीत ६५-७० टक्क्यांच्या वर गेला की कूलरची पाण्याची मोटर बंद, नुसता पंखा चालू.

कूलर लावताना क्रम असा :

१. समोरची खिडकी किंवा दार उघडा. आत येणाऱ्या हवेला बाहेर जायला वाट हवी. बंद खोलीतला कूलर अर्ध्या तासात खोलीचं न्हाणीघर करतो. सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट हीच.

२. पिंजरा झोताच्या रेषेतून बाजूला, सात-आठ फुटांवर. कूलरसमोरचा भुसा तासाभरात दमट होतो, बुरशी धरतो, आणि सर्दी या प्राण्यांच्या छातीत लगेच उतरते.

३. टाकीत खसचं अत्तर, कापूर, फिनेल, डासांसाठी रॉकेल, काहीही घालू नका. वास हवेत मिसळून थेट त्यांच्या नाकात जातो. वाळ्याच्या ताट्या चालतात. डासांसाठी टाकी आठवड्याला रिकामी करून घासा.

एसी असेल तर २५-२६ वर ठेवा. २० वर ठेवून दर तासाला बंद-चालू करण्यापेक्षा एकसारखं २६ बरं. झोत अंगावर नको, आणि खोलीत मापक हवाच. एसीवरचा आकडा पिंजऱ्यापाशी खरा असेलच असं नाही.

मुंबई, कोकण, गोवा : तुमच्याकडे पारा ३४ वर थांबतो म्हणून निर्धास्त राहू नका. किनाऱ्यावर हवामान खात्याची उष्णतेच्या लाटेची मोजणीच ३७ अंशांपासून सुरू होते, मैदानी भागात ४० पासून. ७० टक्के आर्द्रतेत कूलर, ओली मडकी, ओले पंचे, म्हणजे वाळून गारवा देणाऱ्या सगळ्या युक्त्या, जवळपास निकामी. तुमच्याकडे जागा, गार फरशी, गुंडाळलेला बर्फ आणि दुपारचे चार तास एसी एवढंच खरं कामाचं. भुसा मात्र आमच्यापेक्षा दुप्पट वेळा बदलावा लागेल.

## टप्पा ६ : आता बर्फ

एवढं झाल्यावर खोली २९-३० च्या आत आली असेल तर बर्फाची गरजही लागत नाही. त्याच्या वर असेल तर :

१. एक लिटरच्या बाटल्या पाऊणच भरा (बर्फ फुगतो) आणि रात्रीच फ्रीजरला लावा. एका पिंजऱ्याला चार बाटल्या लागतात; दोन वापरात, दोन गोठत.

२. बाटली जुन्या सुती पंच्यात किंवा मोज्यात गुंडाळा.

३. जाळीच्या पिंजऱ्याला ती बाहेरून, एकाच बाजूला टेकवा. हॅमस्टर आणि उंदीर प्लास्टिक कुरतडतात. आत ठेवायचीच तर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, पाऊण भरलेल्या पाण्याचा बर्फ करून, कापडात गुंडाळून.

४. पहिली पाळी बाराला, दुसरी तीनला, तिसरी सहाला. ही तिसरी चुकवू नका. स्लॅबची आठवण ठेवा.

५. ओलं झालेलं कापड आणि त्याखालचा भुसा प्रत्येक पाळीला बदला.

एकच बाजू गार ठेवायचं कारण साधं आहे. किती गारवा हवा हे प्राणी स्वतः ठरवतो. तो बाटलीपासून हातभर अंतरावर पसरून झोपला तर सगळं जमलं. अगदी लांबच्या कोपऱ्यात अंग आखडून बसला तर गारवा जास्त होतोय, बाटली मागे घ्या. चारही बाजूंनी बर्फ लावला की त्याला हे सांगायची सोयच राहत नाही.

बाजारातले जेलचे थंड पॅक नको. कुरतडून आतलं पोटात गेलं तर घातक ठरू शकतं.

ओला पंचा पिंजऱ्यावर टाकायचा असेल तर अर्ध्या भागावरच, आणि खोलीत हवा खेळती असेल तरच. चारही बाजूंनी ओली चादर लपेटली की आत वाफ कोंडते. कोरड्या विदर्भातसुद्धा.

सावधान : हॅमस्टरला आंघोळ घालू नका. जर्बिल आणि चिंचिला यांनाही पाण्याने भिजवू नका. हॅमस्टरला फ्रिजमध्ये ठेवलेला गारेगार, कोरडा वाळूचा वाडगा द्या; लोळेल, खूश होईल.

## टप्पा ७ : लाइट गेली तर

मेमधल्या दुपारी दोन तास लाइट जाणं हे धरूनच चाला. क्रम :

१. कूलरसाठी उघडलेली उन्हाकडची खिडकी लगेच बंद, पडदा ओढा.

२. पिंजरा घरातल्या सगळ्यात गार फरशीवर.

३. फ्रीजरमधल्या दोन बाटल्या बाहेर, गुंडाळून एका बाजूला. फ्रीजर पुन्हा पुन्हा उघडू नका.

४. बादलीतलं दुसरं मडकं आत.

५. तासाभरात ३२ ओलांडलं तर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे न्या. हे शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवा. आमच्या खालच्या काकूंनी पहिल्या वर्षी नाक मुरडलं होतं. आता लाइट गेली की त्याच खालून हाक मारतात.

फ्रिजमध्ये "दोन मिनिटं" ठेवायचं नाही. झाकण लावलेल्या थर्माकोलच्या खोक्यात तर नाहीच, आत श्वास कोंडतो.

गाडीतून न्यायचं असेल तर सकाळी आठच्या आत. उन्हात उभ्या बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी चढतं. "फक्त भाजी घेऊन येतो" एवढ्यात खेळ संपतो. स्कूटरच्या डिकीत पिंजरा ठेवणारे लोक मी पाहिलेत. त्यावर काही लिहीत नाही.

## टप्पा ८ : ऊन लागलं तर

पोटावर सपाट पसरणं हे एकटं लक्षण नाही, गार फरशीवर ते सुखानेही पसरतात. हाक मारली, कोथिंबीर दाखवली की उठतो का ते बघा. उठत नाही, श्वास भराभर चालतोय, तोंडाशी लाळ, कान लालबुंद आणि गरम, चालताना झोकांड्या, झटके. यांतलं काहीही असेल तर ऊन लागलंय. हॅमस्टर दिवसा झोपतो, त्यामुळे त्याचं कळायला उशीर होतो. म्हणून ३२ च्या वरच्या दिवशी दुपारी एकदा घरट्याशी बोट नेऊन तो हलतो का ते बघाच, त्याची झोप मोडली तरी.

करायचं ते या क्रमाने :

१. आधी गार खोलीत न्या. एकीकडे दुसऱ्याला डॉक्टरांना फोन लावायला सांगा.

२. ओल्या पंच्यावर ठेवा. पंचा अंगाखाली हवा. वरून पांघरला तर ऊब कोंडते.

३. माठातल्या पाण्याने कान आणि तळपाय ओले करा. गिनीपिगच्या पोटाखालीही ओला हात फिरवा. बर्फाचं पाणी नको. त्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आतली उष्णता आतच अडकते. पाण्यात बुडवायचंही नाही.

४. आता पंखा लावा, हळू. ओल्या कानांवरचं पाणी वाळेल आणि पंख्याचा खरा उपयोग होईल.

५. शुद्धीवर असेल तर तोंडाशी पाणी धरा. स्वतःहून चाटलं तर चाटू दे. सिरिंजने तोंडात सोडू नका, फुप्फुसात जातं.

६. कान नेहमीसारखे लागू लागले, मान उचलली, की ओलं करणं थांबवा. नाहीतर उलट थंडीने गारठतो.

माणसाचं तापाचं औषध देऊ नका. हा ताप नव्हे.

उठून बसला, काकडी खाल्ली, तरी डॉक्टरांकडे जायचंच. मूत्रपिंड आणि आतड्यांची इजा पुढच्या एक-दोन दिवसांत वर येते. गिनीपिग बारा तास खात नसेल तर ती स्वतंत्र तातडी. त्याचं आतडं थांबलं की ते पुन्हा सुरू करणं अवघड जातं.

डॉक्टर मार्चमध्येच शोधून ठेवा. बऱ्याच दवाखान्यांत फक्त कुत्री-मांजरं बघतात. "गिनीपिग बघता का, मेमध्ये दुपारी असता का" हे दोन प्रश्न आधीच विचारा. नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर, शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे चौकशी करता येते.

## टप्पा ९ : नवतपा संपल्यावर

२५ मेला नवतपा, म्हणजे उन्हाचे सर्वांत कडक मानले जाणारे नऊ दिवस, लागतो आणि लोक ते डोळ्यांत तेल घालून काढतात. माझा एक गिनीपिग गेला तो एका वर्षी १० जूनला. आदल्या रात्री वळवाची सर पडली होती, बाहेर ३७ अंश, सगळे म्हणत होते सुटलो. मी नेहमीप्रमाणे कूलर लावून, पाऊस आत येऊ नये म्हणून खिडकी ओढून कामाला गेलो. परत आलो तेव्हा भिंतींना हात लावला तर ओल लागत होती. मापक तेव्हा माझ्याकडे नव्हता.

जूनचे पहिले दोन-तीन आठवडे, पहिल्या सरीपासून पाऊस नीट बसेपर्यंत, हा आमच्याकडचा सर्वांत फसवा काळ. पारा उतरलेला, पण हवा ओलीने जड. मेभर साथ देणारा कूलर आता त्यात भर घालतो. या काळात रोज सकाळी आर्द्रता बघा. ६५ च्या वर असेल तर टप्पा ५ मधला मुंबईकरांचा भाग तुम्हाला लागू. मडकी कोरडी करून ठेवा, बर्फाच्या बाटल्या चालू ठेवा, ओला भुसा रोज काढा.

माश्याही याच वेळी वाढतात. गिनीपिगचा मागचा भाग घाण किंवा ओला राहिला तर माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या होतात. रोज संध्याकाळी उलटा करून बघा, कोमट पाण्याने पुसून कोरडा करा. अळी दिसली तर घरगुती उपाय न करता त्याच तासाला डॉक्टर.

पाऊस बसला की कूलर माळ्यावर जाऊ दे, मापक मात्र जाळीलाच बांधलेला राहू दे. ऑक्टोबरमध्ये तो परत लागतो, आणि तोवर बाटल्या फ्रीजरमधून निघून त्यांच्या जागी मटार गेलेले असतात.